पणजोबांनी आणलेली तुर्की तलवार: कुठली, कोणी घडवली? (हळदीखालची अक्षरं वाचायला मदत हवी)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज काकूंनी देवघरातनं तलवार काढून दिली म्हणून मुहूर्त लागला.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला म्हणजे आताच्या इराकला गेले होते, तिथून येताना त्यांनी एक तलवार आणली. घरात सांगतात की कुतच्या लढाईत एका तुर्की सरदाराकडून ती मिळवली आणि ती चारशे वर्षं जुनी आहे. दरवर्षी खंडेनवमीला तिची पूजा होते, बाकी वर्षभर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली असते.

एकूण लांबी ७३ सेंटीमीटर, त्यात पातं ५८. रुंदी तीन बोटांहून कमी. परज नाहीच, म्हणजे हाताच्या संरक्षणाला काहीही नाही. मूठ पांढरट पिवळी, हाड की हस्तिदंत कळत नाही, आणि तिच्या टोकाला दोन्ही बाजूंना कानासारखे दोन पाखे फाकलेले. पात्यावर दोन्हीकडे उर्दूसारखी अक्षरं आहेत पण ती अर्धी पुसट. म्यान लाकडी, वरचं कातडं फाटलंय.

मला दोनच गोष्टी कळायला हव्यात: ही कुठली आणि कोणी घडवली. विकायची अजिबात नाही. पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला दाखवली तर त्याने दोन मिनिटं बघून "घासून चकाचक करून आणा, मग बोलू" एवढंच सांगितलं. मी तशीच परत आणली.

भटक्या_पाटील
वाचनखूण साठवली. फोटो टाका की राव!

गडकोट
तुर्की तलवार म्हणजे किलिज. पातं बाकदार असतं आणि टोकाकडचा भाग एकदम रुंद होतो, त्याला यल्मान म्हणतात, तिथे मागच्या बाजूलाही धार असते. इराणी शमशेर असेल तर पातं टोकाकडे निमुळतं होत जातं, यल्मान नसतो. टोक बघून सांगा.

कृष्णाकाठ
फोटो टाकलेत, सहा आहेत. @गडकोट, टोक रुंद नाही. आणि बाक पण उलटाच आहे, धार आतल्या बाजूला आहे, आपल्या ऊसतोडीच्या कोयत्याला असते तशी, फक्त टोकाकडे जाताना पातं परत सरळ होतं.

गडकोट
मग माझं वरचं सगळं बाद. धार आत, परज नाही, मुठीला कान… हा यताघान आहे. उस्मानी म्हणजे तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यातलंच हत्यार, पण घोडेस्वाराचं नाही, पायदळाचं. कमरेच्या शेल्यात पुढे खोचून ठेवायचे, म्हणून परज नको असते, आडवी येते. आणि ते कान नुसते शोभेचे नाहीत, वार करून हत्यार मागे ओढताना मूठ हातातून निसटू नये म्हणून असतात.

दर्यासारंग
मी कामानिमित्त चार वर्षं तुर्कस्तानात इझमिरला आहे. इथे त्याचा उच्चार "याताआन" असा करतात, मधला ग जवळजवळ ऐकूच येत नाही. देनिझ्ली प्रांतात याच नावाचं गाव आहे, तिथे अजूनही सुऱ्या-चाकू बनवतात. तिथले लोक सांगतात की यातागान बाबा नावाच्या एका लोहार-संतामुळे हत्याराला हे नाव पडलं. दंतकथा म्हणूनच घ्या, पण गावात सांगताना ऐकाल तर अंगावर काटा येतो.

आणि इस्तंबूलला आलात तर तोपकापी राजवाड्यातला सुलतान सुलेमानचा यताघान चुकवू नका. मी तीनदा पाहिलाय. १५२६-२७ चा, मूठ हस्तिदंती आणि पात्यावर सोन्यात अजगर आणि पक्षी यांची झुंज. एवढ्याशा जागेत पानंफुलं, वेली आणि त्यात ती दोन जनावरं भिडलेली. त्यावर घडवणाऱ्याचं नावही आहे, अहमद तेकेलू. म्हणजे कारागिराचं नाव कोरायची रीत निदान तेव्हापासूनची.

कृष्णाकाठ
म्हणजे आमच्या पात्यावरही नाव असू शकतं? घरी सगळे समजत होते की कुराणातलं वचन असेल, म्हणून कुणी त्या वाटेला गेलंच नाही.

सनईचौघडा
फोटो क्रमांक २ बघून मला तरी ही नवीन वाटतेय. पर्यटकांना विकायला असल्या तलवारी ढिगाने बनवतात. त्यातून मेसोपोटेमियात यताघान कुठून येणार, तो तर बाल्कन आणि पश्चिम अनातोलिया म्हणजे आताच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागाकडचा. आणि तुर्की सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे पहिल्या महायुद्धात युरोपीय धर्तीच्या तलवारी होत्या, त्यातल्या बऱ्याच तर जर्मनीत झोलिंगनला बनलेल्या. त्यावर झोलिंगनच्या कारखान्याचा शिक्का सापडतो. तुमच्या पात्यावर तसं काहीच दिसत नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण "तुर्की सरदाराची" ही गोष्ट घरोघरी असते.

ठिणगी
@सनईचौघडा यांच्याशी अर्धा सहमत. सरदाराची गोष्ट बाजूला ठेवा. पण नवीन? नाही. मी संग्रहालयांसाठी धातूच्या वस्तूंचं जतन करते, वीस वर्षं हेच काम आहे, तर जे दिसतंय ते सांगते.

फोटो ४ मध्ये अक्षरांच्या रेषा बघा. काही ठिकाणी चांदी आहे आणि काही ठिकाणी नुसती खाच. म्हणजे पोलादात आधी खाच कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवलेली आहे, आपल्याकडे बिदरी कामात करतात त्याच जातीचं काम. पर्यटकांच्या मालात अक्षरं आम्लाने उठवतात नाहीतर वरून पत्रा चिकटवतात, तारेचं काम परवडत नाही. मूठही बघा, दोन फाका पात्याच्या शेपटावर दोन्ही बाजूंनी बसवून खिळे मारलेत आणि कडेने धातूची पट्टी फिरवलीय. उस्मानी हत्यारांची हीच पद्धत. आपल्या तलवारीत पात्याचं शेपूट धातूच्या मुठीत घालून लाखेने पक्कं करतात, तिथे खिळे नसतात. त्यामुळे मूठही तिकडचीच, इथे कुणी बदललेली नाही.

आता कळकळीची विनंती. काहीही घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितळ चमकवायची पावडर, काही म्हणजे काही नको. तुमच्या फोटोत अक्षरांची वरची बाजू गुळगुळीत झालीय, ती झिज दोनशे वर्षांची नाही, घासण्याची आहे.

कृष्णाकाठ
ताई, हे वाचून पोटात कालवलं. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दरवर्षी दसऱ्याला मीच घासते की, चिंच आन् राख लावून, आधी सासूबाई घासायच्या." म्हणजे निदान साठ-सत्तर वर्षं. आणि ज्या बाजूला जास्त अक्षरं तीच बाजू वर ठेवून पूजा होते, म्हणून तीच जास्त घासली गेली. देवाची वस्तू उजळ दिसावी म्हणून त्यांनी मनापासून केलं, त्यांना बोलणार तरी काय. मला स्वतःला वीस वर्षं घरात असून कधी विचारावंसं वाटलं नाही याचंच जास्त लागलंय.

ठिणगी
काकूंना अजिबात बोलू नका. त्यांनी जपली म्हणून आज ती गंजून गेलेली नाही. आता एवढंच करा: कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, अक्षरांवर तेल नको. म्यानात ठेवू नका, जुनं कातडं ओल धरतं. आणि फोटो अंधारात काढा, मोबाईलचा टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा म्हणजे खाचेत सावली पडेल.

मिरजकर
धातूला पाण्यासारखी लहरदार नक्षी आहे का हो? दमास्कस पोलाद असेल तर ते मुळात आपल्याच दख्खनचं.

गडकोट
@मिरजकर, हे खरं आहे आणि यावर वेगळा धागा व्हायला हवा. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवून पोलादाच्या वड्या करायचे आणि त्या घ्यायला इराणचे व्यापारी तिथपर्यंत येऊन बसायचे. पण यताघानाची बहुतेक पाती साध्या पोलादाची किंवा पट्ट्या जोडून घडवलेली. आणि नक्षी बघायला घरी आम्ल लावू नका!

अवांतर: तुर्कांचा आपल्याशी संबंध शोधायचा तर विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आठवा. १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत ओतली, ओतणारा मुहम्मद रूमी. रूमी म्हणजे रूमचा, उस्मानी मुलखातला.

भटक्या_पाटील
अरे हां! आमचे आजोबा फुंदेवाल्या तांबड्या टोपीला रूमी टोपी म्हणायचे. ते हेच रूम होय?

गडकोट
तेच ते. चला, आता परत तलवारीकडे.

बेगम_सराई
मी संभाजीनगरची, आमच्या घरी चार पिढ्या उर्दू-फारसी. कालचे टॉर्चवाले फोटो रात्री दीडपर्यंत बघत बसले, आई म्हणाली झोप आता. जेवढं लागलं तेवढं सांगते.

कमी झिजलेल्या बाजूला सुरुवातीला "साहिब व मालिक" आहे, हे पक्कं. पुढे मालकाचं नाव असणार, ते गेलंय, पण शेवटी "आगा" स्पष्ट आहे. म्हणजे कुणीतरी आगा या तलवारीचा मालक होता. जास्त झिजलेल्या बाजूला "अमल" आणि पुढे एक नाव, मग "सने" आणि चार आकडे.

सनईचौघडा
म्हणजे अमल नावाचा कारागीर?

बेगम_सराई
नाही हो, अमल म्हणजे काम, कृती. "अमल-ए अमुक" म्हणजे अमुक माणसाने केलेलं काम. तुमचा मराठीतला अंमल, अंमलदार, अंमलबजावणी हाच तो शब्द. खरं सांगू का, हे वाचताना मला फार गंमत वाटली. त्या पात्यावर शिल्लक राहिलेले शब्द कुठले, तर साहिब, मालिक, अमल, सने. मराठीत बघा: साहेब, मालक, अंमल, सन. काकूंना न शिकता वाचता येईल अशी ती तलवार आहे.

कृष्णाकाठ
हे काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग आपलीच की." 🙏

मिरजकर
आमच्या ओळखीत कोल्हापूरला एका घरी तलवार आहे, तिच्यावर असदुल्ला इस्फहानी असं नाव आहे म्हणे. मग कारागीर कळला ना लगेच?

ठिणगी
तिथे तर जास्त सावध राहायला हवं. असदुल्लाचं नाव इतकं गाजलं की दीड-दोनशे वर्षांच्या अंतराने घडलेल्या पात्यांवरही ते सापडतं, एका माणसाच्या हयातीत ते शक्यच नाही. इराणात कोरलं, हिंदुस्थानात कोरलं, दर्जाची खूण म्हणून कोरलं. मोठं नाव दिसलं की आधी शंका घ्यायची. उलट यताघानावर असतात ती साधी नावं, ज्यांना बाहेर कुणी ओळखत नाही अशी, म्हणून ती जास्त विश्वासाची. पण मग तो माणूस कुठल्या गावचा हे कळणं कठीण, कारण गावाचं नाव क्वचितच कोरलेलं असतं.

दर्यासारंग
आकडे काय आहेत ते सांगा ना!

बेगम_सराई
तिथेच अडलंय. अरबी आकड्यात १ म्हणजे उभी रेघ, २ म्हणजे उभ्या रेघेला डोक्यावर उजवीकडे एक हूक, ७ म्हणजे इंग्रजी व्ही. पहिला १, दुसरा २, शेवटचा ७. तिसरा २ आहे की ७ ते कळत नाही. म्हणजे १२२७ किंवा १२७७.

मिरजकर
शुहूर सन असेल का? पेशवे दफ्तरात असतं तसं.

गडकोट
नाही, शुहूर आपल्याकडचा. तिथे हिजरी. हिजरी वर्ष चांद्र असल्याने लहान, म्हणून ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. १२२७ म्हणजे १८१२. १२७७ म्हणजे १८६०-६१. चारशे वर्षं तर दोन्हीकडून नाहीत. पण हा फरक मोठा आहे, कारण १८२६ मध्ये सुलतान महमूद दुसरा याने जॅनिसरी ही सुलतानाची खास पायदळ फौज मोडून काढली आणि यताघान हे त्यांचं लाडकं हत्यार. १८१२ चा असेल तर तो "आगा" जॅनिसरी असण्याची शक्यता उरते. नुसती शक्यता, कारण आगा हे आदराने कुणालाही म्हणायचे.

रानवारा
मधेच एक शंका. ही बंदुकीची संगीन तर नाही? फ्रेंचांच्या १८६६ च्या शॅस्पो बंदुकीची संगीन अशीच वळणाची असते.

ठिणगी
चांगली शंका. पण त्या संगिनीला नळीत अडकवायची गोल कडी असते, मूठ पितळेची आणि पात्याच्या पाठीवर फ्रेंच कारखान्याचं नाव नि तारीख. इथे यातलं काही नाही. फ्रेंचांनीच यताघानाचं वळण उचललं.

निवृत्त_सुभेदार
नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, तलवारीतलं कळत नाही, पलटणीतलं कळतं. कुतच्या वेढ्यात सहावी पूना डिव्हिजन होती आणि तिच्यात आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. आत होते ते सगळे कैद झाले, वाळवंटातनं चालवत नेले, कित्येकांना रास अल-ऐनला रेल्वेच्या कामाला लावलं, किती तरी परत आलेच नाहीत. तुमचे पणजोबा कुतमध्ये असते तर तलवार मिळवणं सोडा, स्वतःची संगीनसुद्धा राहिली नसती. घरात त्यांचं पदक असेल तर त्याच्या कडेवर बघा, नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते.

कृष्णाकाठ
सुभेदारसाहेब, तुमचे आभार कसे मानू. पदक होतं, आजीच्या ट्रंकेत, तिच्या मंगळसूत्राच्या डबीत. भिंगाखाली कड बघितली: नंबर, शिपाई, पणजोबांचं नाव आणि पुढे ११४ मराठा.

निवृत्त_सुभेदार
मग तुमचे पणजोबा कुतच्या वेढ्यातले नव्हेत. ११४ त्या वेढ्यात नव्हती. ती पलटण ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसुलच्या खाली शर्कातच्या लढाईत होती आणि फार मोठा पराक्रम करून गेली, शर्कात हा तिचा युद्धसन्मान आहे. घरात कुतचं नाव का आलं असेल हे मी समजू शकतो, त्या काळात गावागावात कुतचंच नाव तोंडी होतं. पण शर्कातही कमी नाही, मुलांना हे नाव सांगा.

सनईचौघडा
मी वर घाईने लिहिलं होतं, शब्द मागे घेतो. पलटण मोसुलच्या वाटेवर असेल तर गोष्ट जुळते. शंभर वर्षं जुना यताघान कुणा उस्मानी शिपायाच्या घरातून त्याच्याबरोबर इराकपर्यंत आला असेल, किंवा बगदाद-मोसुलच्या बाजारात विकायला असेल. लढाईत मिळाला की पैसे देऊन घेतला हे पातं सांगणार नाही.

कृष्णाकाठ
विकत घेतला असेल तरी माझी काही हरकत नाही. शिपायाच्या पगारातनं, परक्या मुलखात, घरी न्यायला त्यांना हीच वस्तू आवडली, हे उलट मला जास्त जवळचं वाटतंय.

वकीलवाडी
एक व्यवहाराची बाब. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणी परदेशातनं "पाठवा, तपासून देतो" म्हणालं तर पाठवू नका, फोटोंवरच भागवा. शिवाय शस्त्र कायदाही बघावा लागतो, तालुक्याच्या वकिलाकडून एकदा कागद नीट करून घ्या.

दर्यासारंग
कुठली, याबद्दल माझं मत. मोठे फाकलेले कान आणि तारेचं चांदीकाम बघून मला बोस्नियाकडचं वाटतं, फोचा आणि सारायेव्हो ही पात्यांची नावाजलेली ठिकाणं.

ठिणगी
असेलही, पण एवढ्यावरून मी लिहून देणार नाही. पाती एका गावात घडायची आणि मूठ-म्यान दुसऱ्या मुलखात चढायची. बाल्कन किंवा पश्चिम अनातोलिया, इथे मी थांबेन. म्यानाच्या टोकाला चांदी असती तर तिच्यावर सुलतानाच्या तुग्ऱ्याचा म्हणजे नक्षीदार सहीचा छोटा ठसा शोधता आला असता, पण ते टोकच गेलंय.

कृष्णाकाठ
मंडळी, एक नवीन गोष्ट. काल रात्री टॉर्च लावून तिसरा आकडा बघत होतो. जिथे चांदीची तार निघून गेलीय त्या खाचेत हळद भरलेली आहे. वर्षानुवर्षांची, घट्ट, कडेला कुंकवाची लाल रेघ. घासलं तरी खाचेतली हळद निघाली नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे काहीही न लावता तसाच फोटो काढलाय, क्रमांक ११. पिवळी रेघ बघा.

बेगम_सराई
अल्ला! हे तर कुणी मुद्दाम शाई भरून ठेवल्यासारखं दिसतंय. हूक फक्त वरच्या अर्ध्यात आहे आणि पिवळी रेघ एकटीच खाली उतरते. ७ असता तर दोन्ही हात खाली येऊन टोकाला मिळाले असते. हा २ आहे. १२२७.

गडकोट
१८१२! सुभेदारसाहेब, तुमच्या पलटणीचा माणूस ती घेऊन निघाला तेव्हाच तिला शंभर वर्षं झाली होती.

ठिणगी
मी हे कामात कधी पाहिलं नव्हतं. ती हळद आता कुणीही काढायची नाही. पुढच्या पूजेला हळदकुंकू म्यानाला वाहा म्हणावं, पात्याला नको.

कृष्णाकाठ
काकू तयार आहेत. पण त्यांचा एकच प्रश्न आहे: घडवणाऱ्याचं नाव काय? त्यांना पूजेत ते घ्यायचंय.

बेगम_सराई
काकूंना सांगा, मी सोडणार नाही. फोटो ११ मध्ये "अमल" नंतर पहिलं अक्षर मीम म्हणजे म आहे. पुढचं अक्षर कालपर्यंत लागत नव्हतं, आता हळदीमुळे त्याची तिरपी रेघ दिसतेय, ते बडी हे म्हणजे ह आहे. म्हणजे मुस्तफा नाही, मुराद नाही. महमद किंवा महमूद असावं. दोन्हीच्या शेवटी दाल म्हणजे द येतो, पण महमदमध्ये तो आधीच्या मीमला जोडलेला आणि महमूदमध्ये मधल्या वाव या अक्षरामुळे सुटा. शेवटचं अक्षर तुमच्या फोटोत अंगठ्याच्या सावलीत गेलंय. तेवढाच भाग परत काढाल का?

कृष्णाकाठ
आत्ता लाइट गेलीय. सकाळी सात वाजता ओसरीवर ऊन आडवं येतं, तेव्हा काढतो. अंगठा लांब ठेवतो.